खुंटा धरा, जवाईबुवा

खानदेशात गाणाऱ्या बाईचा शोध घ्यायचा असेल तर पारावर बसलेल्या पुरुषांना पत्ता विचारू नये. मी विचारला. शिरपूर तालुक्यातल्या एका गावात मोटारसायकल लावली, मंडळींना रामराम घातला आणि स्वच्छ, धुतलेल्या मराठीत म्हणालो, "इथे गाणाऱ्या बायका कुठे राहतात?"

पारावर सन्नाटा. एका आबांनी तंबाखू मळायची थांबवली. माझे पिकलेले केस, गळ्यातला रेकॉर्डर आणि इस्त्रीचा शर्ट त्यांनी सावकाश पाहून घेतला. मग म्हणाले, "तमाशा ठरवायचा असंन तर राहुटीवर जा ना भाऊ. गावात काय विचारून राहिले?" शेजारचा एक तरुण शर्टाच्या बाह्या वर सारत उठला. त्याला बहिणी असाव्यात. माझी मोटारसायकल एरवी चार किका घेते. त्या दिवशी ती पहिल्याच किकला सुरू झाली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

त्यात त्या लोकांचं काय चुकलं? आपल्याकडे 'गाणारी' म्हटली की फडावरची, हे पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेलं. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींनी गौरवलं, पण त्यांच्या तमाशाला गर्दी करणाऱ्या माणसाने घरी येऊन "माझी बायको छान गाते" असं म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नाही. सुलोचना चव्हाणांनी आयुष्यभर लावणी गायली ती डोक्यावरचा पदर ढळू न देता. 2022 साली पद्मश्री घ्यायला वयाची नव्वदी जवळ यावी लागली. तेव्हा खानदेशातली कोणतीही घरंदाज बाई "हो, मी गाते" असं एका बँकवाल्याला सांगेल, हा माझा समज म्हणजे माझ्या सामान्यज्ञानाचा पुरावाच होता.

मला हा नाद लागला तो सेवानिवृत्तीनंतर. जळगावात बँकेच्या शेतकी कर्ज खात्यात नोकरी झाली. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. रिकाम्या माणसाच्या भिंतीवर घड्याळ लावण्यात काय क्रूरता आहे, ते शाल देणाऱ्यांना कळत नाही. वेळ घालवायला म्हणून एक पुस्तक वाचायला घेतलं आणि त्यात मला ए. पी. कार्टर भेटला.

हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला माणूस. फळझाडांची रोपं विकत हिंडायचा. ऑगस्ट 1927 मध्ये बायको सारा आणि भावजय मेबेल यांना मोटारीत घालून तो ब्रिस्टल गावी गेला. तिथे व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर गाणारी माणसं शोधत आला होता. त्याने कार्टर मंडळींची सहा गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि ज्याला आज कंट्री संगीत म्हणतात त्याचा पाया तिथे घातला गेला असं तिकडे मानतात. पुढे ए. पी. दारोदार हिंडून जुनी गाणी गोळा करू लागला. चाली त्याच्या लक्षात राहत नसत. मग लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असे. शब्द ए. पी.ने टिपायचे, चाल रिडलने डोक्यात साठवायची.

मला साक्षात्कार झाला. त्याने रोपं विकली, मी केळीच्या रोपांना कर्जं दिली. चाल त्याच्या लक्षात राहत नसे, माझ्याही राहत नाही. आमच्यात फरक फक्त खंडाचा!

हे मी सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने विचारलं, "गायचं कोण?"

"सारा. तिची बायको."

"वाजवायचं कोण?"

"मेबेल. अठरा वर्षांची होती, आणि पोटुशी. तशी खडखडत गेली ब्रिस्टलला. तिचं गिटार आजही नवी पोरं शिकतात."

"आणि हा काय करायचा?"

"मनात आलं की मध्येच सूर लावायचा," मी म्हणालो. हे खरंच आहे, पुस्तकात आहे.

"म्हणजे तुमच्यासारखाच," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या माझ्या पुस्तकावर ठेवल्या.

अशा प्रोत्साहनानंतर माणूस थांबत नसतो. मी रेकॉर्डर मागवला. त्याच्या तोंडावर वाऱ्याचा आवाज अडवायला एक केसाळ टोपरं येतं, तेही मागवलं. आणि तात्त्विक तयारी म्हणून बहिणाबाईंकडे गेलो. जळगावकराला दुसरीकडे जायची सोयच नाही. इथलं विद्यापीठ 2018 पासून त्यांच्याच नावाचं आहे, आणि अक्षरओळख नसलेल्या बाईचं नाव पदवीच्या कागदावर यावं यासारखा न्याय नाही. 1880 साली असोद्याला जन्म, लहान वयात लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी. शेतात, चुलीपुढे, जात्यावर गाणी रचली. लेक सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली. 1951 साली त्या गेल्यावर वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. 'मानिनी' चित्रपटातून त्यांचे शब्द सुमन कल्याणपूरांच्या गळ्यातून ज्याच्या त्याच्या घरी पोचले.

यातून मी जो निष्कर्ष काढायला हवा होता तो असा की, गाणं टिपणारा माणूस त्या चुलीपाशी लहानाचा मोठा झालेला होता. मी काढला तो निष्कर्ष असा की, गाणं घरात मिळतं, तेव्हा सासुरवाडीला जावं.

सासुरवाडी शिंदखेड्याकडची, म्हणजे पक्की अहिराणी. सासूबाईंची थोरली जाऊ, जिला सगळं गाव मोठी माय म्हणतं, ती ओव्यांची खाण आहे असं मेव्हण्याने सांगितलं होतं. मी तिच्यापुढे सतरंजीवर बसलो, रेकॉर्डर मांडला, टोपरं चढवलं. नातवंडं गोळा झाली. मोठी मायने टोपऱ्याकडे बोट केलं. "हाई काय शे? मांजरनं पिल्लू?"

मी खुलासा केला आणि म्हणालो, "माय, जात्यावरची ओवी म्हणा."

"आम्हले कोठे येस गानं!"

मी गळ घातली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून, तीन हजारांवर बायकांकडून 1 लाखाहून जास्त ओव्या कशा जमवल्या, तेही ऐकवलं. मोठी मायने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रिकामा हाते गानं येत नही, जवाईबुवा. जातं आना."

गावात गिरणी आल्यापासून जात्याला काम उरलं होतं ते लग्नातल्या हळदीपुरतं. वरचा दगड मोरीपाशी पायरी झाला होता, खालचा तुळशीमागे पडला होता. मेव्हणा आणि सालदार यांनी दोन्ही दगड ढकलत ओट्यावर आणले, धुतले, पुसले, खाली जुनं लुगडं अंथरलं. मोठी मायने एक पाय लांब सोडला, दुसऱ्याची मांडी घातली. सुपात ज्वारी आली. आता जात्यावर समोरासमोर दोघी लागतात. सासूबाईंचा खांदा धरलेला, माझी बायको "मी भाकरी टाकते" म्हणून आत सटकलेली.

"बठा," मोठी माय म्हणाली. "धरा खुंटा."

जवाई जात्यावर बसला ही बातमी गल्लीत पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी दोन फेरे काढले होते. जात्याचा दगड फिरताना हलका वाटतो तो फक्त फिरवणारणीच्या हाताखाली. खुंटा ओढायचा नसतो, तो आला की पुढे द्यायचा असतो. मी ओढत होतो. मोठी मायचा हात खुंट्यावर माझ्या हाताच्या वर होता, सुरकुतलेला, चार हिरव्या बांगड्यांचा, आणि दुसऱ्या हाताने ती तोंडात घास न पाहता टाकावा तशी जात्यात ज्वारीचा घास सोडत होती. मूठ उघडायची ती नेमकी खुंटा पलीकडे गेल्यावर. त्या हाताची लय बसली आणि तिचा आवाज सुरू झाला. बारीक, नाकातून येणारा, दगडाच्या घरघरीच्या वरून अलगद तरंगणारा. अंगावर काटा आला. काटा येण्याइतपत दम अजून शिल्लक होता.

मला वाटलं होतं विठ्ठल येईल, भाऊराया येईल, माहेरची वाट येईल. पहिल्या ओवीत जवाई आला, लोखंडाच्या घोड्यावर बसून. दुसरीत त्याने पुण्यामुंबईचं यंत्र आणलं. तिसरीत असं निघालं की यंत्र फार गुणाचं आहे, फक्त पीठ पाडत नाही. चौथीत लेक कोणाच्या पदरी दिली याची विचारणा थेट तिच्या बापाकडे झाली. ओट्याखाली जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे तिकडेही हसणं चालूच होतं.

पीठ पाहिल्यावर मोठी मायने चिमटीत घेऊन चोळलं आणि निकाल दिला: भाकरी होणार नाही, हा भरडा आहे. तो म्हशीला घातला. म्हशीने तक्रार केली नाही, त्या घरात त्या दिवशी ती एकटीच.

रेकॉर्डर मी जात्याखालच्या लुगड्यावर ठेवला होता, आवाज जवळून यावा म्हणून. तो जवळूनच आला. सगळी दगडाची घरघर आणि तिच्यात माझा श्वास. मुलाने फाईल ऐकून काळजीने फोन केला, "बाबा, दमा कधीपासून?"

दुसरी मोहीम धुळ्याला, देवपुरात, एका दूरच्या नात्यातल्या हळदीला. इथे काम आयतं चालू होतं, मला काही दळावं लागणार नव्हतं. बाहेर बँडवाले अहिराणी गाणी पिटत होते आणि आत बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. या गाण्यांना समोर माणूस लागतो. याही म्हणजे व्याही, याहीन, नवरदेवाचा मामा, कोणीही चालतो. त्याचं पोट, त्याची चाल, त्याचा कंजूषपणा, सगळं नावानिशी गुंफायचं आणि त्याने हसत ऐकून घ्यायचं. रागावला तर पुढच्या कडव्याला मालच मिळाला. त्या दिवशी याही मंडळी उशिरा येणार होती. बायका बिनमाणसाच्या बसल्या होत्या. अशा वेळी मी पडदा बाजूला करून टोपरं आत घातलं.

"हाऊ कोन शे?"

"बँकवाला शे," कोणीतरी म्हणालं, आणि मला त्या आवाजात ओळख जाणवली. विहिरीवरच्या मोटारीचं कर्जप्रकरण. सातबारा, बोजा, मॅनेजरची सही, फाईल वरच्या कार्यालयात. मी त्या बाईच्या नवऱ्याला कधीकाळी जे वाक्य वारंवार ऐकवलं होतं, ते तिने ध्रुवपद केलं: उद्या या. कडवं कोणतंही असो, विहीर आटो, कपाशी करपो, पोरगी लग्नाला येवो, सगळ्या बायका टाळी देऊन म्हणायच्या, उद्या या! खरं सांगतो, चाल इतकी पक्की बसली होती की मीही ठेका धरला. आयुष्यात माझी एकच ओळ लोकगीतात गेली, ती ही. बाहेर पडण्यासाठी बक्षीस द्यावं लागतं असं कळलं. पाकिटातून नोट काढली तर एक म्हातारी म्हणाली, "उद्या द्या."

आखाजीचं थोडक्यात सांगतो, कारण थोडकंच घडलं. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. झोक्यापाशी पुरुषाचं काय काम? मला मेव्हण्यांनी ओढून पत्त्यांच्या फडात बसवलं. खानदेशात आखाजीला पत्ते खेळणं हे जवळजवळ धर्मकृत्य आहे. लांबून झोक्यांवरच्या पोरींची गाणी वाऱ्यावर येत होती आणि रेकॉर्डर खिशात चालू होता. त्यात नोंदलं गेलं ते माझं हरणं, तपशीलवार.

शेवटची मोहीम कानबाईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही आमची देवी बसते. त्याआधी घर सारवून, रंगवून, भांडी घासून लखलखीत होतं. सुरतेला, पुण्याला पोटासाठी गेलेली भावकी गावी परतते. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून रोटाचं दळण होतं. नारळाची कानबाई चौरंगावर, भोवती केळीचे खांब, आणि रात्रभर बायकांची गाणी. सोमवारी सकाळी वाजतगाजत, फुगड्या घालत नदीवर विसर्जन. रोट मात्र भाऊबंदकीपुरता. जवाई म्हणजे परक्या कुळाचा, त्यामुळे मला ना आत जागा, ना प्रसाद. मी ओट्यावर, शेजारी कुत्रं. दोघेही वासावर.

मग मी माझ्या कारकिर्दीतला सर्वात हुशार बेत केला. चालू रेकॉर्डर चौरंगाजवळच्या पाटाखाली सरकवला आणि निवांत झोपलो. सकाळी सगळे नदीवर गेल्यावर कानात इयरफोन घालून ऐकू लागलो.

गाणी होती. काय गाणी होती! एकीने उचलायचं, दहा जणींनी झेलायचं, थकली की दुसरीने. पण दोन गाण्यांच्या मधे चहा होता, आणि चहाबरोबर मी होतो. माझा पगार, माझं पोट, माझं यंत्र, लग्नात मी रुसून मागितलेलं घड्याळ. शेवटी कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "त्यापेक्षा तो तलाठी बरा होता." त्या तलाठ्याचं स्थळ माझ्याआधी आलं होतं ही माहिती मला संसाराच्या उतरणीवर, श्रावणी सोमवारी, रिकाम्या पोटी मिळाली.

आणि त्या पाठोपाठ एक आवाज लागला. मोकळा, भरदार, रात्र अर्धी उलटल्यावरही न फाटलेला. तोच पुढे होऊन गाणं उचलत होता आणि बाकीच्या त्याच्या मागे येत होत्या. ही बाई कोण, म्हणून मी पुन्हा पुन्हा ऐकलं. ती माझी बायको होती. एवढ्या वर्षांत तिने माझ्या घरात आरतीसुद्धा पुटपुटल्यासारखी म्हटली होती.

ती नदीवरून आल्यावर मी विचारलं, "तू गातेस?"

"मी? मला कुठे गाता येतं!"

मी रेकॉर्डर पुढे केला. तिने ऐकलं. तलाठ्यापर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे ठेवताना कोणाला विचारलं होतं?" मी मेबेल कार्टरचं उदाहरण देऊ लागलो. "तिला माहीत होतं ना, समोर यंत्र आहे ते?" या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर होतं आणि ते माझ्या विरुद्ध होतं. तिने फाईल पुसली. मला पुसायचं बटण कुठे असतं हेही तोवर ठाऊक नव्हतं, तिने ते एका दमात शोधलं.

म्हणून माझ्या खानदेशी स्त्रीगीतांच्या संग्रहात आज एक दम्याची फाईल आणि एक पत्त्यांचा डाव आहे. विद्यापीठाला द्यायची माझी तयारी आहे, त्यांनी अजून मागितलेला नाही. मात्र गाणारी बाई का सापडत नाही, ते मी आता अधिकाराने सांगू शकतो. आमच्याकडे गाणारी अशी वेगळी नसतेच. दळणारी असते, झोक्यावरची असते, हळद लावणारी असते, कानबाई जागवणारी असते, आणि त्या कामाच्या अंगानेच गाणं येतं. काम काढून घेऊन नुसतं गाणं मागितलं, की तिला खरोखरच गाता येत नाही. ती खोटं बोलत नसते.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही घरात "मला कुठे गाता येतं" म्हणणारी कोणीतरी असणार. तिला माइक देऊ नका. तिच्या समोर बसा, शेंगा फोडा, मेथी निवडा, बिबड्या वाळत घाला, आणि तोंड बंद ठेवा. गाणं आलं आणि ते ठेवावंसं वाटलं, तर आधी तिला विचारा. आणि बँकेत नोकरीला असाल, तर हळदीला जाण्यापूर्वी टेबलावरची कर्जप्रकरणं तेवढी निकाली काढून जा.